तेल दक्षिणेचं, पाइपलाइन उत्तरेची

२०२४च्या फेब्रुवारीत सुदानच्या युद्धक्षेत्रातून जाणारी एक भूमिगत पाइपलाइन तुंबली. ती दुरुस्त व्हायला आणि तेल पुन्हा वाहू लागायला जवळजवळ वर्ष गेलं. तीतलं तेल सुदानचं नव्हतं, दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचं म्हणजे दक्षिण सुदानचं होतं. त्या देशाची सुमारे दोन तृतीयांश तेलनिर्यात एका झटक्यात थांबली. राजधानी जूबात शिक्षक, पोलिस आणि सैनिकांचे पगार आधीच रखडलेले होते, ते आणखी महिनोन्‌महिने रखडले. चलन घसरलं आणि बाजारातलं पीठ महागलं. दक्षिण सुदानच्या हद्दीतली एकही तेलविहीर आटली नव्हती, तरीही ही वेळ आली.

याचं कारण म्हणून बहुतेक बातम्या भ्रष्टाचार आणि यादवी युद्धाकडे बोट दाखवतात. दोन्ही खरं आहे. पण त्याच्याही आधी तिथला नकाशा बघावा लागतो. नदी कुठून शिरते, पाणी कुठे अडतं, माती कसली आहे आणि समुद्र किती लांब आहे हे समजलं की या देशाच्या अर्थकारणाचा बराचसा गुंता सुटतो.

पाणी आणि माती

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या सार्वमतात जवळपास ९९ टक्के लोकांनी सुदानपासून वेगळं होण्याच्या बाजूने कौल दिला होता. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दुप्पट, लोकसंख्या मात्र मुंबई महानगर प्रदेशापेक्षाही कमी. सुदान, इथिओपिया, केनिया, युगांडा, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक असे सहा शेजारी, आणि समुद्रकिनारा अजिबात नाही.

दक्षिणेच्या टोकाला इमातोंग डोंगर आहेत. त्यातलं किनयेती हे शिखर तीन हजार मीटरच्या वर जातं. तिथून जवळच, निमुले या गावापाशी, नाईल नदी युगांडातून देशात शिरते. इथे तिला उतार आहे, खडक आहेत, धबधबे आहेत. जूबापर्यंत ती नदीसारखी वाहते. पण बोर हे गाव मागे टाकलं की जमीन इतकी सपाट होते की पाण्याला पुढे सरकायला जोरच मिळत नाही. मग नदी पसरते. हजारो फाटे, तळी, पपायरसच्या लव्हाळ्यांची दाट बेटं, पाण्यावर तरंगत जागा बदलणारी गवताचे गठ्ठेच्या गठ्ठे. या दलदलीला सुद म्हणतात. कोरड्या दिवसांत तिचा पसारा साधारण ३० हजार चौरस किलोमीटर असतो, पुराच्या वर्षी तो कितीतरी पट वाढतो. रोमन सम्राट नीरोने नाईलचा उगम शोधायला पाठवलेले शिपाई अशाच अथांग दलदलीपाशी अडून परत फिरल्याची नोंद आहे. उत्तरेकडून आलेल्या बोटींना ही दलदल ओलांडून पलीकडे जायला त्यानंतर जवळपास अठराशे वर्षं लागली.

सुदमध्ये शिरलेल्या पाण्यापैकी सुमारे निम्मं पाणी उन्हाने आणि वनस्पतींच्या वाटे हवेत उडून जातं. उरलेलं नो सरोवरापाशी पुन्हा एका पात्रात येतं. पुढे मलाकाल शहराच्या अलीकडे इथिओपियातून आलेली सोबात नदी त्याला मिळते आणि मग श्वेत नाईल म्हणून ती सुदानात जाते.

मातीचंही सांगायला हवं, कारण विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला ती लगेच कळेल. मधल्या साऱ्या मैदानावर काळी, चिकण, भेगाळणारी माती आहे. इंग्रजीत तिलाही कापसाची काळी माती असंच म्हणतात. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली, तिथली नद्यांनी आणून टाकलेल्या बारीक गाळाची आहे. वागणूक मात्र तीच. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिल्या दोन-तीन दमदार सरींनंतर चाक रुतेल असा चिखल. साधारण मे ते ऑक्टोबर हा पावसाळा. त्या काळात मधले आणि पूर्वेचे मोठमोठे प्रदेश रस्त्याने तुटतात. पक्का रस्ता बांधावा तर मैदानात शेकडो किलोमीटर खडी नाही, मुरूम नाही. तो दूरवरून ट्रकने आणायचा, आणि तेही फक्त कोरड्या महिन्यांत. देशातला पहिला मोठा डांबरी महामार्ग म्हणजे जूबा ते निमुले हा १९२ किलोमीटरचा रस्ता. अमेरिकेच्या मदतीने तो २०१२ मध्ये पूर्ण झाला. मोम्बासा बंदरातून दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून येणारा साखर, सिमेंट, औषधं, डिझेल असा बहुतेक माल याच एका रस्त्याने जूबात पोहोचतो.

हो, डिझेलसुद्धा. तेल निर्यात करणारा हा देश आपल्या गाड्यांचं आणि जनरेटरचं इंधन बऱ्याच अंशी बाहेरून आणतो. उत्तरेकडच्या बेंतिऊ शहराजवळ एक छोटा शुद्धीकरण कारखाना २०२१ मध्ये सुरू झाला, पण त्याने देशाची गरज भागत नाही. वीज तर दहातल्या एका माणसालाही धड मिळत नाही.

अशा जमिनीवर माणसं जगतात कशी? गुरांवर. पावसाळ्यात दिंका, नुएर आणि इतर पशुपालक उंचवट्यावरच्या गावांत राहतात आणि ज्वारी पेरतात. पाऊस थांबला, पूर ओसरला की नदीकाठच्या ओलसर कुरणांकडे गुरं घेऊन उतरतात आणि तिथे महिनोन्‌महिने तळ ठोकतात. संध्याकाळी शेणाच्या धुन्या पेटतात. त्या धुराने डास दूर राहतात आणि सकाळी तीच पांढरी राख माणसं स्वतःच्या अंगाला आणि जनावरांच्या कातडीला चोळतात. लग्नात मुलीच्या घरी गुरं द्यायची, खून झाला तर भरपाई गुरांत, अडीअडचणीला विकायची तीही गुरंच. सरकारी हिशेबात या संपत्तीची धड नोंद नाही, पण देशातली बहुसंख्य कुटुंबं तेलावर नव्हे तर गुरं, ज्वारी आणि मासळीवर जगतात. तेलाचा पैसा त्यांच्यापर्यंत रस्ता, दवाखाना किंवा शाळा बनून यायला हवा होता.

अर्धवट राहिलेला कालवा

सुदमधलं निम्मं पाणी ‘वाया’ जातं हा विचार कैरो आणि सुदानची राजधानी खार्टूम इथल्या अभियंत्यांना फार वर्षं सतावत होता. उपाय ठरला तो दलदलीला वळसा घालणारा ३६० किलोमीटरचा जोंगलेई कालवा. १९७८ मध्ये फ्रेंच कंपनीने खोदकाम सुरू केलं. त्यासाठी आणलेलं प्रचंड चाकाचं खोदयंत्र आधी पाकिस्तानात चष्मा-झेलम कालव्यावर वापरलं गेलं होतं. वाचवलेलं पाणी जाणार होतं उत्तर सुदान आणि इजिप्तच्या शेतीला. ज्यांची कुरणं त्या पुरावर उगवत होती त्यांना या व्यवहारात फारसं काही मिळणार नव्हतं आणि गुरांच्या वाटेत मात्र एक रुंद खंदक येणार होता.

याच कालव्याचा त्या प्रदेशाच्या विकासावर काय परिणाम होईल यावर अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात एका दक्षिणी सेनाधिकाऱ्याने पीएच.डी. केली. त्याचं नाव जॉन गरांग. १९८३ मध्ये त्याने बंड उभारलं, पुढच्या वर्षी त्याच्या सैन्याच्या हल्ल्यामुळे काम बंद पडलं, आणि ते यंत्र खोदलेल्या खड्ड्याच्या टोकाला गंजत राहिलं. कालव्याचं दोन तृतीयांश काम तेव्हा झालं होतं. आजही जूबात कुणी हा कालवा पुन्हा सुरू करायचा विषय काढला की लोक संतापतात, आणि मला त्यांचा संताप रास्त वाटतो.

तेल

१९७० च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीला बेंतिऊच्या परिसरात तेल सापडलं. सुदान तेव्हा एकच देश होता आणि सत्ता खार्टूममध्ये. शुद्धीकरण कारखाना तेल सापडलं तिथे उभारायचा सोडून उत्तरेत कोस्तीला न्यायचं ठरलं, आणि दक्षिणेच्या मनात अविश्वासाची आणखी एक गाठ बसली. १९८४ मध्ये शेव्हरॉनच्या कर्मचाऱ्यांची हत्या झाली आणि कंपनीने काम थांबवलं. नव्वदच्या दशकात चिनी, मलेशियन आणि कॅनडियन कंपन्या आल्या. १९९९ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या पोर्ट सुदानपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची पाइपलाइन पूर्ण होऊन निर्यात सुरू झाली. पूर्वेकडच्या पालोच भागातल्या विहिरींसाठी २००६ मध्ये दुसरी पाइपलाइन आली. या वर्षांत विहिरींच्या आसपासची गावं सैन्याने आणि टोळ्यांनी उठवली. तेलाचा पैसा आणि गाव सोडून पळणारी माणसं हे दोन्ही एकाच वेळी सुरू झालं, हे विसरता येत नाही.

२००५ च्या शांतता कराराने दक्षिणेतल्या तेलाचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटायचं ठरलं. २०११ मध्ये फाळणी झाली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश तेल दक्षिणेकडे आलं. दोन्ही पाइपलाइन, बंदर आणि मोठा शुद्धीकरण कारखाना उत्तरेकडे राहिले. नव्या सरकारच्या महसुलातला जवळजवळ ९८ टक्के वाटा या एकाच मालाचा होता.

आता पाइपलाइन तुंबते म्हणजे काय ते बघू. २०२४ मध्ये तुंबली ती पालोचची पाइपलाइन. तिथलं तेल जड आहे, त्यात आम्लता जास्त आहे आणि मेणाचं प्रमाण खूप आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं तसं हे तेल थंड झालं की थिजू लागतं, फरक एवढाच की त्याला थिजायला थंडीचीही गरज नाही. आपल्याला उकडत असतं त्या तापमानालाच ते दाट व्हायला लागतं. म्हणून ते गरम करून पाइपात सोडावं लागतं, वाटेतल्या पंपिंग स्टेशनांवर ढकलत आणि तापवत न्यावं लागतं आणि थांबू द्यायचं नसतं. पंप चालवायला डिझेल लागतं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानचं सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. ही पाइपलाइन दोन्ही बाजूंच्या ताब्यातल्या प्रदेशातून जाते. लढाईमुळे स्टेशनांपर्यंत डिझेल पोहोचेना, प्रवाह मंदावला, पाइपातलं तेल गोठत गेलं आणि दाबाने पाइप फुटला. दुरुस्तीला जायचं तर दोन्ही सेनांची परवानगी हवी. मार्च २०२४ मध्ये सुदान सरकारने लेखी कळवलं की परिस्थिती आपल्या हाताबाहेरची आहे. तेल पुन्हा सुरू व्हायला २०२५ चा जानेवारी उजाडला.

तेल अडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. पाइपलाइनचं भाडं किती यावर २०११ मध्येच भांडण जुंपलं. सुदानने एका बॅरलमागे ३६ डॉलर मागितले आणि थकबाकी म्हणून तेलही काढून घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने स्वतःच सगळ्या विहिरी बंद केल्या. ज्या देशाचा जवळजवळ सगळा महसूल तेलातून येतो, त्याने वर्षाहून जास्त काळ तेल विकलं नाही. एप्रिलमध्ये सीमेवरच्या हेगलिग तेलक्षेत्रावरून लढाईही झाली. सप्टेंबरमध्ये आदिस अबाबात तोडगा निघाला. विहिरीच्या भागानुसार प्रति बॅरल ९.१० किंवा ११ डॉलर भाडं, आणि त्यावर १५ डॉलर सुदानला नुकसानभरपाई म्हणून, ३०० कोटी डॉलरची रक्कम फिटेपर्यंत.

या आकड्यांत मोठी फसगत होती. देणं ठरलं बॅरलमागे, भावाच्या प्रमाणात नाही. भाव १०० डॉलर असताना २५ डॉलर दिले तरी ७५ उरतात. २०१६ च्या सुरुवातीला जगात भाव ३० डॉलरच्या खाली गेला. आम्लयुक्त जड तेलाला त्याहूनही कमी मिळतं. सुदानचे २५ डॉलर वजा केले की हातात जवळपास काहीच राहत नव्हतं, आणि उरलेल्यातून तेल कंपन्यांचा खर्च आणि वाटा अजून जायचाच होता. शेवटी सुदानने ही रक्कम भावाशी जोडायला मान्यता दिली, पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती. २०११ मध्ये एका डॉलरला सुमारे तीन दक्षिण सुदानी पाउंड पडत. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने बांधलेला दर सोडून दिला आणि तो एका दिवसात १८ च्या वर गेला. २०१६ मध्ये वार्षिक महागाई ८०० टक्क्यांपलीकडे पोहोचली. २०२४ पर्यंत डॉलरचा दर हजारांत गेला.

त्याच्या जोडीला डिसेंबर २०१३ पासून यादवी. अध्यक्ष साल्वा कीर आणि उपाध्यक्षपदावरून काढलेले रिक माचार यांच्या गटांमधलं युद्ध २०१८ च्या करारापर्यंत चाललं. एका अभ्यासानुसार त्यात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे ३ लाख ८० हजार माणसं दगावली. बेंतिऊ ज्या युनिटी राज्यात आहे तिथल्या विहिरी बंद पडल्या आणि २०११ मध्ये रोज साडेतीन लाख बॅरल असलेलं उत्पादन निम्म्याच्याही खाली आलं.

अशा वेळी सरकारने उधारीचा मार्ग धरला. आंतरराष्ट्रीय व्यापाऱ्यांकडून रोख उचल घ्यायची आणि येत्या महिन्यांत निघणारं तेल त्यापोटी द्यायचं. म्हणजे टँकर बंदरातून निघतो तेव्हा त्यातल्या तेलाचे पैसे व्याजासकट आधीच खर्च झालेले असतात. रस्ते बांधायला तेलाचा वाटा बाजूला काढण्याची योजनाही २०१९ पासून आली. रस्ते झाले त्यापेक्षा पैसे कितीतरी जास्त गेले, असं संयुक्त राष्ट्रांच्या तपासकर्त्यांनी लिहिलं आहे. कायद्याने तेल निघतं त्या राज्याला उत्पन्नाचे २ टक्के आणि तिथल्या लोकांना ३ टक्के मिळायला हवेत. मला सर्वांत जास्त खटकतं ते हे ३ टक्के न पोहोचणं, कारण तेलाचा त्रास नेमका त्याच लोकांच्या दारात आहे.

बेंतिऊकडे बघा. २०१९ पासून तिथे ओळीने मोठे पूर आले. २०२० मध्ये व्हिक्टोरिया सरोवराची पातळी विक्रमी उंचीवर गेली आणि ते पाणी नाईलच्या वाटेने सुदमध्ये येऊन साचलं. चिकण मातीत ते मुरत नाही, सपाट जमिनीवरून वाहून जात नाही. पुढचा पावसाळा येईपर्यंत तिथेच राहतं. २०२२ पर्यंत बेंतिऊ हे अक्षरशः बेट झालं होतं. शहर, विस्थापितांची छावणी आणि धावपट्टी हे सगळं मातीच्या बांधांनी राखलेलं, बांधाच्या आत समोरच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर हजारो माणसं राहणारी. बायका दलदलीतल्या कमळाच्या बिया काढून कुटून खात होत्या. आणि त्याच पुरात आसपासच्या तेलक्षेत्रातले सांडपाण्याचे खड्डे बुडाले.

भारताचा हात

या तेलाशी आपलाही संबंध आहे. मानवी हक्कांच्या मुद्द्यावरून टीका झाल्यावर टॅलिस्मन या कॅनडियन कंपनीने बाहेर पडायचं ठरवलं, आणि तिथल्या तेलप्रकल्पातला तिचा २५ टक्के वाटा २००३ मध्ये ओएनजीसी विदेशने घेतला. त्या वर्षी मे महिन्यात तिथल्या तेलाचा पहिला टँकर मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यासाठी आला. परदेशातल्या आपल्या मालकीच्या विहिरीचं तेल देशात येण्याची ती मोठी सुरुवात मानली गेली. फाळणीनंतर हा वाटा दोन देशांत विभागला, आणि युद्धात अडकला. मलेशियाच्या पेट्रोनासने २०२४ मध्ये दक्षिण सुदानातून काढता पाय घेतला. २०१६ च्या जुलैमध्ये जूबात लढाई भडकली तेव्हा हवाई दलाची विमानं पाठवून तिथल्या भारतीयांना आणावं लागलं.

दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान मोठ्या संख्येने आहेत. २०१३ मध्ये त्यातल्या काहींनी तिथे जीव गमावला. त्यांच्या कामातला एक भाग मात्र फार कमी लोकांना माहीत आहे: मलाकाल भागात भारतीय लष्कराचे पशुवैद्यक स्थानिकांची गुरं तपासतात, लसी टोचतात. जिथे गुरं हीच बँक आहे तिथे या मदतीचं मोल मोठं आहे.

दुसरी वाट

सुदानला टाळून केनियातल्या लामू बंदरापर्यंत नवी पाइपलाइन टाकायची योजना २०१२ पासून कागदावर आहे. ती का होत नाही हे आता सहज कळेल. मेणकट तेल तापवत नेणारी, दलदल ओलांडून डोंगराळ मुलखातून जाणारी हजारो किलोमीटरची पाइपलाइन म्हणजे अब्जावधी डॉलर. ते वसूल व्हायला वीस-पंचवीस वर्षं भरपूर तेल निघावं लागेल. विहिरी जुन्या झाल्यात, नव्या शोधाला युद्धाने खीळ बसली आहे, कर्ज कोण देणार?

माझ्या मते आशा आहे ती नैऋत्येकडे. याम्बियोच्या परिसरात वर्षातून दोनदा पाऊस पडतो, माती काळी नसून तांबडी आणि निचऱ्याची आहे, मका, भुईमूग, कसावा, अननस मुबलक पिकतात. इंग्रजांच्या काळात लावलेली सागवानाची जुनी वनंही या भागात आहेत. तो साग आजही कापला जातो आणि युगांडामार्गे बाहेर जातो, त्याचा एक मोठा ग्राहक भारत आहे. पण इथला मका जूबाला पोहोचण्याआधी पावसाळी रस्त्यात आणि वाटेतल्या वसुलीच्या नाक्यांत अडकतो, म्हणून जूबाचा बाजार युगांडाचा मका आणि टोमॅटो विकतो. ज्वारीचं मूळच सुदानच्या पूर्व भागातलं. दक्षिण सुदानच्या घरांत आजही आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची पातळ किसरा तव्यावर पसरली जाते. तरीही देशाला दरवर्षी धान्य बाहेरून आणावं लागतं आणि लाखो लोकांना मदतीच्या धान्यावर राहावं लागतं. याम्बियो ते जूबा हा रस्ता बाराही महिने चालू ठेवायला पाइपलाइनच्या मानाने फारच थोडा पैसा लागेल, आणि त्यासाठी कुणा शेजाऱ्याची परवानगी लागणार नाही.